उशिरा हसणारी मुलगी

संपादकांनी मालिकांच्या दुनियेतल्या आठवणी लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा नटनट्यांच्या गमतीजमती हव्या असाव्यात. माझ्याकडे त्या नाहीत. मी संकलक. चित्रीकरणाच्या जागी मी आयुष्यात फार तर चारदोनदा गेले असेन. नटनट्या मला भेटल्या त्या पडद्यावर, तुकड्यातुकड्यांत, आणि बहुतेक वेळा वाक्य विसरलेल्या अवस्थेत. कोण रडण्याआधी नाक ओढतं आणि कोण दाराकडे बघायच्या आधी चुकून कॅमेऱ्याकडे बघतं, एवढं मला माहीत. ते कापून टाकणं हा माझा धंदा.

पनवेलजवळ करंजाड्याला राहायला आले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही मालिकेत नक्की काय करता? मी म्हटलं, तुकडे जोडते. त्या म्हणाल्या, म्हणजे कपड्यांच्या विभागात का? मी हो म्हणून टाकलं. नंतर दोन ब्लाउज आले शिवायला.

आपल्या मालिकेत एक बाई दुसरीला म्हणते, 'हे मूल तुझं नाही.' तिथून माझं काम सुरू व्हायचं. आधी ऐकणारीचा चेहरा. मग तोच चेहरा जरा जवळून. मग तोच अगदी जवळून, रंग उडवून, काळापांढरा. प्रत्येक वेळी हवेतून तलवार फिरवल्यासारखा आवाज आणि वर एक 'ढॅण'. मग सासूचा चेहरा, दिराचा, जावेचा. घरात अकरा माणसं असली तर अकरा चेहरे, नोकर असला तर बारा. लोक हसतात, पण त्यामागे विचार असतो, निदान सोय तरी असते. लेखकाची पानं वेळेवर आलेली नसतात आणि भाग तर भरायचाच असतो. शिवाय बघणारी बाई दिवाणखान्यात नसते, ओट्याशी पोळ्या लाटत असते. तिला हातातलं लाटणं ठेवून बाहेर बोलवायचं काम त्या 'ढॅण'चं. एका थोबाडीत मारण्यावर मी अख्खा भाग काढलेला आहे. तो आठवड्यात सगळ्यात जास्त पाहिला गेला आणि कचेरीत पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला.

हे सगळं माझी थोरली बहीण घरी बसून पाहायची. ती बहिरी आहे. 'कर्णबधिर' म्हणा असं मला पुष्कळांनी सुचवलंय, ताईला तो शब्द ओठांवरून वाचायला अवघड जातो, म्हणून तिला तो आवडत नाही. आमचं घर मूळचं आपटा गावचं. ताई तीन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि तो कान घेऊन गेला. पुढे वडिलांनी तिला मुंबईला अशा मुलांच्या शाळेत घातलं. तिथे त्या काळी हातांनी बोललं की हातावर पट्टी बसायची. मुलांनी तोंडानेच बोलायला शिकावं असा शाळेचा आग्रह होता. त्यामुळे ताई मराठी ओठ छान वाचते, थोडंफार तोंडाने बोलते, आणि आमच्या दोघींचं म्हणून एक हातवाऱ्यांचं बोलणं आहे ते लहानपणापासून आम्हीच तयार केलेलं आहे. तिने लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली.

माझ्या मालिका तिने इमानाने पाहिल्या आणि कधी चांगलं म्हटलं नाही. तिला माझे आवाज ऐकूच जात नव्हते. तिच्या दृष्टीने पडद्यावर एक बाई काहीतरी बोलायची आणि मग घरातली सगळी माणसं मिनिटभर एकमेकांकडे टक लावून बघत राहायची. 'ह्यांना काय होतं?' ती विचारायची. मी सांगायचे, त्यांना धक्का बसलाय. 'रोज?' ती म्हणायची. मात्र एक कबूल करायची, की आमची माणसं समोर तोंड करून, सावकाश बोलतात, त्यामुळे शब्द कळतात. बाकी सगळं फुकट.

मी नोकरीतून बाहेर पडले त्याला काही वर्षं झाली होती, तेव्हा पनवेलला एक डबिंगचा स्टुडिओ निघाला. अंधेरीच्या भाड्यापेक्षा इथे स्वस्त पडतं एवढंच त्यामागचं कारण. वडाळे तळ्याच्या पलीकडे एका नव्या इमारतीचा वरचा मजला घेतला, भिंतींना स्पंज लावला आणि झाला स्टुडिओ. एका मोबाइल ॲपवाल्या कंपनीने विलायतेतली एक मालिका विकत घेतली होती, ती तिथे मराठीत करायची होती. मी जवळच राहते आणि मला काम येतं, म्हणून मला बोलावलं. माझ्या हुद्द्याचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. त्याचा अर्थ, ही विलायती मालिका आपल्या प्रेक्षकांना 'सोयीची' करणारी बाई.

सोयीची करायला सांगणारा ईशान. कंपनीचा आशय-प्रमुख. वयाने माझ्या मुलासारखा, हसतमुख, प्रत्येकाला नाव घेऊन विचारपूस करणारा. त्याचा राग यावा असं त्याच्या स्वभावात काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. त्याने स्वतः ती मालिका पाहिलेली नव्हती. कोणीतरी केलेला सारांश वाचला होता.

मालिका एका गल्लीची. एक दारूचा गुत्ता, एक किराणा दुकान, एक कपडे धुऊन देण्याचं दुकान, आणि त्यांवर जगणारी दहाबारा घरं. तिकडे ती वर्षानुवर्षं चालू आहे. डबिंगसाठी परदेशातून चित्र येतं आणि संवाद सोडून उरलेला सगळा आवाज वेगळा येतो. त्या उरलेल्या आवाजावर आपण मराठी संवाद बसवायचे. मी पहिल्या दिवशी तो उरलेला आवाज लावला आणि ऐकत बसले. किटलीतलं पाणी. बस गेली. चमचा कपावर आपटला. कोणाच्या तरी दुकानात रेडिओ, तोही दार लागलं की बंद. कुत्रं. बस. संगीत नाहीच. मला वाटलं ते पाठवायचं विसरले, म्हणून ईशानला सांगून पत्र पाठवायला लावलं. उत्तर आलं की विसरलेलो नाही, आमच्याकडे नसतंच. ईशान म्हणाला, काही हरकत नाही, आपण घालू.

खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मलाही तो कामचुकारपणा वाटला. दोन माणसं एकाच वेळी बोलतात. आपल्याकडे असं झालं तर ध्वनिमुद्रक शिव्या देतो. बोलणारा दिसतच नाही, ऐकणाऱ्याची मान तेवढी दिसते. माणूस खोलीतून निघाला की दार लागायच्या आत दृश्य संपतं. 'मला कॅन्सर आहे' असं एक बाई पिशवीत बटाटे भरता भरता म्हणते, आणि दुकानदार म्हणतो, कोथिंबीर देऊ का, किंवा तिकडे जी काय पालेभाजी असते ती. एक चेहरा नाही, एक 'ढॅण' नाही. मी पुढचं दृश्य लावलं आणि दोन मिनिटांनी थांबले. परत मागे गेले. त्या बाईने बटाटे दोनदा मोजून परत ठेवले होते, ते मला आता दिसलं. आपल्या पद्धतीने केलं असतं तर मी तिचा चेहरा तीनदा दाखवला असता आणि हात एकदाही दाखवले नसते.

ताईला मात्र ही मालिका मुळीच आवडली नाही. मी कौतुकाने तिला काही भाग दाखवले. तिने पाच मिनिटांत सांगितलं की ही माणसं पाठ फिरवून बोलतात, तोंडात पुटपुटतात आणि अंधारात बसतात. शिवाय ओठ इंग्रजी. मराठी अक्षरं खाली टाकायचा खर्च कंपनीला नको होता, त्यामुळे तिला काहीच कळायला मार्ग नव्हता. 'तुझ्या मूर्ख बायका बऱ्या,' ती म्हणाली, 'निदान माझ्याकडे बघून बोलतात.' विलायतेतल्या थोर मंडळींनी हे ऐकायला हवं होतं.

धुलाईच्या दुकानाच्या मालकिणीचा आवाज द्यायला मी वनिताला बोलावलं. वनिता जवळच्या ओवे गावची, आगरी. पन्नाशीची. गावातल्या नाटकांत तिने वर्षानुवर्षं कामं केलेली. घरची शेती वाढत्या शहरात गेली, त्या जागी तिच्या दिराची इमारत उभी आहे, तिला कामाची गरज म्हणून नव्हती. आवडतं म्हणून यायची, स्वतःच्या गाडीतून, अंगावर सोनं घालून, आणि आत बसताना बांगड्या काढून माझ्याकडे द्यायची, कारण माइकला त्या ऐकू जातात. त्या गल्लीतली माणसंही तिकडची गावंढळ इंग्रजी बोलतात. मग मराठीत त्यांनी पुण्याची शुद्ध भाषा का बोलावी? मी वनिताला तिच्या घरच्या बोलीत बोलायला सांगितलं. मालकिणीला तोंड फुटलं. गिऱ्हाइकाला ती म्हणायची, 'कपरं आज नाय भेटनार, उद्या ये,' आणि ते तिथलंच वाटायचं.

ईशानने ऐकलं आणि म्हणाला, हे विनोदी वाटेल, लोक हसतील. आपल्या मालिकांत आगरी बोलणारं पात्र म्हणजे गळ्यात जाड साखळी घालून मोठ्याने बोलणारा माणूस, एवढीच ईशानची ओळख. वनिता काचेपलीकडून सगळं ऐकत होती. ती शांतपणे माइकमध्ये म्हणाली, "आमी काय नुसत्या हसवायलाच हाय का? आमच्यात कोन मरत नाय?"

ईशान ओशाळला, माफी मागितली, आणि अंधेरीची एक नामवंत कलाकार शोधायला लागला. ती पनवेलपर्यंत यायला तयार झाली नाही. म्हणून आगरी राहिली. तत्त्वासाठी राहिली असं कोणी समजू नये.

त्या मालिकेची एक खोड अशी की मधूनच ती स्वतःचेही नियम मोडायची. एकदा एक अख्खा भाग दारावरच्या घंटीतल्या कॅमेऱ्यांतून आणि लोकांच्या मोबाइलमधून आला. चित्र वाकडं, आवाज फाटका, निम्मी माणसं अर्धीच दिसतात. एका घरात नवरा बायकोला मारतो, हे गल्लीतल्या कोणालाच सबंध दिसलेलं नाही, प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात एकेक तुकडा आहे, असा तो भाग. आमच्याकडे चित्राचा दर्जा तपासणारा एक संगणक होता. त्याने तो भाग नापास केला. मग कंपनीतल्या कोणीतरी मेहनत घेऊन चित्र स्वच्छ केलं, आवाज धुतला, काळोख उजळवला. आता सगळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं आणि तरी गल्लीत कोणालाच काही कळत नव्हतं. प्रेक्षकांना वाटलं असणार की ही सगळी गल्लीच मंद आहे. मी दोनदा पत्र लिहिलं. ईशानने मला अंगठा पाठवला.

हा अनुभव गाठीशी होता, म्हणून पुढचा भाग आला तेव्हा मी सावध झाले.

धुलाईवालीची धाकटी मुलगी जन्मापासून बहिरी आहे, हे मालिकेत आधीपासून होतं. तिच्या वाढदिवसाचा भाग. घरात जेवण आहे, आजी, काका, भाऊ, त्याची होणारी बायको, सगळे जमलेत. आणि सबंध भाग त्या मुलीच्या बाजूने घेतलेला. ती एकटी असते तेव्हा आवाज जवळजवळ नाहीच, नुसता पोटातून येतो तसा एक घुमारा. कानातलं यंत्र लावते तेव्हा शब्दांचे तुकडे, पाण्याखालून आल्यासारखे. टेबलावर सगळे एकदम बोलतात, आपल्यालाही काही कळत नाही. कोणीतरी काहीतरी म्हणतं, हशा होतो, मुलगी आईला विचारते काय झालं, आणि आई हात झटकते. वनिताने तिथलं वाक्य फार सुरेख म्हटलं होतं: "काय नाय गो, मंग सांगते." ते वाक्यही पाण्याखाली जाणार होतं.

शेवटी मुलगी उठून निघून जाते. कॅमेरा पहिल्यांदाच तिला सोडून टेबलाशी थांबतो आणि पहिल्यांदाच आवाज सबंध येतो. ताटल्या, हसणं, रेडिओ, सगळ्यांची मोकळी बडबड, कान किटतील इतकी. मग एकेकाचं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे जातं आणि एकेकाचं बोलणं थांबतं. भाग संपतो. नावंसुद्धा आवाजाशिवाय जातात.

मी तीस वर्षं ह्या धंद्यात काढली. संगीताचा एक सूर न लावता खुर्चीवर असा घाव घालता येतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

तरीही मला त्यात एक चूक सापडली. टेबलावर हशा होतो तेव्हा ती मुलगीही हसते, पण सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. एकदा नव्हे, चारपाच वेळा. आणि प्रत्येक वेळी संकलकाने तो उशीर तसाच ठेवलेला. आपल्याकडे नटी अशी उशिरा हसली तर मी मधलं कापून तिला सगळ्यांबरोबर हसवते. ते शिकाऊ पोरालाही जमतं. मला वाटलं, एवढा चांगला भाग आणि इथे हात ढिला पडला.

वनिताला तिचा सुरेख संवाद पाण्याखाली गेलेला पाहून वाईट वाटेल अशी मला भीती होती. तिला सबंध भाग लावून दाखवला. तिने जेवणाचं टेबल मागे नेऊन परत लावायला सांगितलं. मग म्हणाली की ते 'मंग सांगते' परत घेऊ या, मी जरा मायेने म्हटलंय, ही आई मायेने नाय म्हनत, हात रिकामा नाय म्हनून म्हनते. आम्ही ते परत घेतलं. कोणाला ऐकू येणार नव्हतं, तरी घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला स्टुडिओत घेऊन गेले. ह्या भागाचं डबिंग बरोबर झालंय का हे एखाद्या बहिऱ्या माणसाला विचारावं, एवढा साधा विचार. ईशानही आलेला होता. त्याने ताईला वाकून नमस्कार केला, तिच्यासाठी चहा मागवला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला की बहिणींना दाखवायला हरकत नाही, पण त्या काही आपला प्रेक्षकवर्ग नाहीत.

ताई सुरुवातीला कुरकुरतच बसली. मुलगी आणि तिची मैत्रीण हातांनी बोलत होत्या, पण त्या खुणा तिकडच्या, ताईला त्यांतलं फारसं कळलं नाही. मग जेवणाचं टेबल आलं. ताई पुढे सरकली. मुलगी पहिल्यांदा उशिरा हसली तेव्हा ताईने माझा दंड धरला. दुसऱ्यांदा हसली तेव्हा तिने पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मी हाताने विचारलं, काय? तिने हातांनी सांगितलं आणि मग, ईशानला कळावं म्हणून, तोंडाने म्हणाली:

"आधी बघते, कोण हसतं. मग हसते. मी पण."

तिला एवढं बोलायला वेळ लागतो. ईशान तोपर्यंत थांबला, हे खरं. पण त्याच्या चेहऱ्यावरून काही पोचलेलं दिसलं नाही. मला मात्र पोचलं. आमच्या आपट्याच्या घरात, माझ्या लग्नात, यजमानांच्या मित्रमंडळीत, ताई नेहमी हसायची आणि आम्ही म्हणायचो, कुसुमताईचा स्वभाव किती आनंदी. तिकडच्या कुठल्यातरी संकलकाने ते अर्ध्या सेकंदाचं अंतर कापायचं नाही असं ठरवलं होतं. कोणाला तरी विचारून ठरवलं असणार, किंवा बहिऱ्यांपैकीच कोणीतरी ते काम केलं असणार.

ताई घरी गेल्यावर ईशानने त्याची यादी काढली. संगणकाने हा भागही परत पाठवला होता, आवाज गेलेला आहे म्हणून. ईशानचं म्हणणं असं की लोकांना वाटेल आपला मोबाइल बिघडला. तेव्हा संवाद पाण्याखालून वर काढायचे, सगळे स्वच्छ ऐकू आले पाहिजेत, वनिताताईंनी एवढं सुंदर काम केलंय ते वाया का घालवायचं? मुलीच्या चेहऱ्यावर बासरी घालायची. खुर्चीवर काहीतरी जोरदार. आणि टेबलावरचं दृश्य ढिलं आहे, हशे जुळत नाहीत, ते जरा घट्ट करून घ्या.

मी म्हटलं, "ईशान, ती मुलगी बहिरी आहे. तिला ऐकू येत नाही, हाच तो भाग आहे."

"पण मॅडम," तो म्हणाला, "आपला प्रेक्षक बहिरा नाही ना."

मी त्याची यादी घडी घालून पिशवीत टाकली. उत्तरं सुचली ती सगळी घरी गेल्यावर, आणि तीही छापण्यासारखी नव्हती. मूर्ख माणसाचं वाक्य असतं तर उडवून लावता आलं असतं. हे वाक्य त्याच्या बाजूने अगदी बरोबर होतं. मी तीस वर्षं त्याच वाक्यावर पोट भरलं होतं.

मी दोन दिवस कामावर गेले नाही. सोडून द्यायचं मनात होतं. पण मी सोडलं असतं तर भाग दुसऱ्याकडे गेला असता, आणि त्याने हशे जुळवून, टेबल घट्ट करून, खुर्चीवरचे चेहरे तीनतीनदा लावून दिले असते. मी जाऊन वाचणार काय होतं, तर माझं नाव. राहून काय वाचवता येईल, त्याचा मी विचार केला. आवाज वाचणार नव्हता, ते उघड होतं. चित्र कदाचित वाचलं असतं. आणि ज्यांच्यासाठी तो भाग मुळात केला होता, त्यांच्याजवळ नाहीतरी चित्रच होतं.

तिसऱ्या दिवशी गेले आणि ईशानला म्हटलं, तुम्हाला हवं तसं संगीत मी स्वतः घालून देते. संवाद स्वच्छ करून देते. पण चित्राला कोणी हात लावायचा नाही. एक चौकटही इकडची तिकडे नाही. ईशानला आनंद झाला. त्याला एवढी मोठी लढाई इतक्या स्वस्तात जिंकू असं वाटलं नव्हतं. वर म्हणाला, हशे तसेच राहिले तरी बासरीत ते झाकले जातील.

मग मी बासरी घातली. मुलगी खिडकीशी उभी आहे, बासरी. केक कापते, बासरी आणि खाली व्हायोलिन. वनिताचा तो परत घेतलेला संवाद वर काढला, आता तो सगळ्यांना स्वच्छ ऐकू येणार होता, आणि त्याच्यामागे तंबोऱ्यासारखं काहीतरी करुण. रिकाम्या खुर्चीवर 'ढॅण' घातला. हे काम मला येतं आणि मी ते नीट केलं. वाईट काम वाईट रीतीने करून सूड घेणारे लोक असतात, मला ते कधी जमलं नाही. संगणकाने भाग पास केला. ईशानने सगळ्यांसाठी पॅटिस मागवलं. वनिताला मी आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "माजा आवाज नाय ऐकाला आला तं चालला असता. ही बासरी कोनाला पायजे होती?" आणि त्या दिवशी ती आली नाही.

ॲपवर लोकांनी बासरीचं कौतुक केलं. पार्श्वसंगीताने डोळ्यांत पाणी आलं, असं कोणीतरी खाली लिहिलेलं ईशानने मला मुद्दाम पाठवलं. ते पाणी माझ्या हिशेबात जमा आहे. त्या लोकांना काय दिलं असतं आणि काय दिलं, हे फक्त मला आणि वनिताला माहीत. असे भाग आपल्याकडे आपण होऊन कधी होतील का, असं मला संकलन शिकणारे हल्लीचे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना सांगते, आधी अर्धा सेकंद न कापता ठेवून दाखवा, मग बोलू.

तो भाग आला तेव्हा दुपार होती. ताई जमिनीवर पेपर पसरून वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. मी टीव्हीवर ॲप लावलं. तिने वर बघितलं आणि गल्ली ओळखून नाक मुरडलं. मी सांगितलं, तोच भाग आहे. मग तिने परात बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि सोफ्यावर येऊन बसली.

मुलगी खिडकीशी उभी राहिली आणि माझी बासरी सुरू झाली. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण आली. ती खूण ताईला ओळखू येते. तिने विचारलं, का बंद केलास?

"चांगला नाही," मी म्हटलं.

तिने खांदे उडवले. टेबल आलं. सगळ्यांची तोंडं हलत होती आणि मला त्यांतलं एक अक्षर कळत नव्हतं. ते सगळं मीच बसवलेलं, पाठ झालेलं, पण आवाज गेल्यावर ते माझ्या हातातून निघून गेलं. कोण आधी बोललं, कशावर बोललं, ते मला शोधावं लागत होतं. हशा झाला तेव्हा मी आधी आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काकाच्या, आणि मग मला हसू आलं. शेजारी ताई माझ्याकडेच बघत होती.

पुढे मुलगी उठून गेली. टेबलावर कोणालाच ते कळलं नाही. खुर्ची आली आणि माणसं एकेक करून गप्प झाली, निदान त्यांची तोंडं थांबली. नावं वर सरकायला लागली. आम्ही ती सगळी जाईपर्यंत बसून राहिलो. इतकी वर्षं एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोघी दोन वेगळ्या मालिका पाहत आलो होतो. त्या दुपारी पहिल्यांदा एकच पाहिली.